काळ्या पाण्यावरची मुले

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत आपण एक दिवस बोलावे, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा आम्ही बाजार समितीच्या आवारात हमालीच्या दराची वाटाघाट करीत होतो. विषय कोणता, असे त्यांनी विचारले. आम्ही सांगितले, "काळ्या पाण्यावरची मुले." त्यांचा समज झाला की आम्ही अंदमानातील क्रांतिकारकांवर बोलणार, आणि फलकावर त्यांनी तसेच लिहून टाकले. त्यामुळे त्या संध्याकाळी जी मंडळी आली ती देशभक्तीपर व्याख्यान ऐकण्यासाठी आली. त्यांची थोडी निराशा झाली असणार. तथापि मधूनच कोणी उठून गेले नाही, याबद्दल मंगरूळपीरकरांचे आभार मानून तेच व्याख्यान येथे थोडे नीट लावून देत आहोत.

प्रथम आमच्या अधिकाराविषयी. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढले शिक्षण झाले ते दिवसा पोत्याखाली आणि रात्री वाचनालयाच्या बाकावर. इंग्रजी आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. लंडनच्या एका न्यायालयाचे जुने कागद आता जगातल्या कोणालाही वाचावयास खुले आहेत. तेही आम्ही असेच रात्री बसून वाचले. कामगार चळवळीतल्या माणसाला एक खोड असते. कोणताही कागद हाती आला की तो आधी पाहतो, यात राबतो कोण आणि ते राबणे कोणाच्या पदरात पडते. शिक्षेच्या कागदांकडेही आम्ही त्याच नजरेने पाहिले.

१० डिसेंबर १७८३ रोजी लंडनच्या 'ओल्ड बेली' न्यायालयात जॉन हडसन नावाचा आरोपी उभा राहिला. वय विचारले, तेव्हा नववे चालू असल्याचे त्याने सांगितले. धंदा? तसा काही नाही, कधीमधी धुराडी साफ करतो. आईबाप? वारले. केव्हा वारले? ते त्याला ठाऊक नव्हते. त्याच्यावर आरोप असा होता की ऑक्टोबर महिन्यात रात्री एकच्या सुमारास विल्यम होल्ड्सवर्थ नावाच्या गृहस्थाच्या घरात शिरून त्याने एक सदरा, पाच रेशमी मोजे, एक पिस्तूल आणि दोन एप्रन चोरले.

धुराडे साफ करणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकांस सांगितले पाहिजे. विलायतेत थंडी फार. घराघरांत कोळशाची शेगडी भिंतीत बांधलेली असे आणि तिचा धूर जाण्यासाठी छपरापर्यंत अरुंद, वाकडेतिकडे धुराडे असे. त्यात मोठा माणूस मावत नाही. म्हणून पाचसहा वर्षांची पोरे आत चढवीत. गुडघे आणि कोपर टेकीत वर जायचे आणि काजळी खरडीत खाली यायचे. अशा मुलाच्या अंगावरची काजळी धुऊनही जात नसे. होल्ड्सवर्थच्या घरात टेबलावर कोणाच्या तरी काळ्या पायांचे आणि बोटांचे ठसे उमटले होते. घरमालकाने ते कागदावर उतरवून घेतले आणि ते न्यायालयापुढे पुराव्यात सांगितले गेले.

या खटल्यातला न्यायाधीश दुष्ट नव्हता. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे. नऊ वर्षांच्या मुलाचा कबुलीजबाब पुराव्यात घ्यायला त्याला बरे वाटेना. पंचांनी घरफोडीचा आरोप, ज्याला फाशी होती, तो सोडून दिला आणि साध्या चोरीबद्दल दोषी ठरविले. आता याला सोडून दिले तर हा पुन्हा त्याच रस्त्याला लागेल, तेव्हा याला यातून बाहेर ओढून काढणे बरे, असे न्यायाधीशाला वाटले. म्हणजे दयेपोटीच सजा दिली : सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अमेरिकेस.

अमेरिकेसच का? येथे आमची खोड कामाला येते. १७७५ पूर्वी इंग्लंडने सुमारे पन्नास हजार कैदी अमेरिकेत धाडले होते. जहाजाचा कंत्राटदार त्यांना तेथे नेई आणि मळेवाल्यांना त्यांची मुदतीची मजुरी विकी. कैद्याचे तुरुंगातले जेवण वाचले, कंत्राटदाराला फायदा झाला, मळेवाल्याला सात वर्षांचा गडी मिळाला. या व्यवहारात नऊ वर्षांचे पोर हेही दोन हात धरले जात. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली आणि तो बाजार बसला. तरीही जुन्या सवयीने आणखी काही जहाजे धाडून पाहिली. त्यांतलेच 'मर्क्युरी' हे एक, आणि त्यावर १७८४ साली हडसनला चढविले. एप्रिल महिन्यात कैद्यांनी बंड करून जहाज ताब्यात घेतले आणि ते इंग्लंडच्याच किनाऱ्याला परत आणले. पोर पुन्हा पकडले गेले. मग त्याला प्लिमथ बंदरात 'डंकर्क' नावाच्या मोडीत निघालेल्या जहाजावर डांबले. तुरुंग भरून वाहू लागले की सरकार अशी शिडे उतरवलेली जुनी जहाजे चिखलात रुतवून त्यांचा कोंडवाडा करीत असे. तेथे मोठ्या कैद्यांच्या गर्दीत हडसनने जवळजवळ तीन वर्षे काढली.

१३ मे १७८७ रोजी अकरा जहाजांचा ताफा इंग्लंडहून निघाला तो ऑस्ट्रेलियाची पहिली कैदी वसाहत वसविण्यासाठी. हडसन त्यातल्या 'फ्रेंडशिप' जहाजावर होता. वय आता तेरा. आठ महिन्यांचा प्रवास करून जानेवारी १७८८ मध्ये ही मंडळी पोहोचली. जमीन अनोळखी, पीक येईना, धान्य संपत आले. १७९० च्या मार्चमध्ये काही तोंडांची सोय दुसरीकडे करावी म्हणून 'सिरियस' या जहाजातून बऱ्याच लोकांना नॉरफोक नावाच्या दूरच्या बेटावर पाठविले. त्यांत हडसन होता. माणसे उतरली आणि १९ मार्चला जहाज बेटाच्या खडकांवर आपटून फुटले. बेटावर माणसे पुष्कळ आणि शिधा थोडा. डोंगरावर रात्री उतरणारे समुद्रपक्षी मारून लोकांनी दिवस काढले. एका हंगामात लाखाहून अधिक पक्षी मारून खाल्ले, इतकी भूक होती.

याच बेटावर १७९१ च्या फेब्रुवारीत जॉन हडसनला पन्नास फटके मारण्यात आले. अपराध असा की रात्री नऊनंतर तो आपल्या झोपडीबाहेर आढळला. आता हिशोब करा. आम्ही हमालाच्या पट्टीचे हिशोब करणारी माणसे, म्हणून हे चटकन नजरेत आले. सजा डिसेंबर १७८३ ची, सात वर्षांची. ती डिसेंबर १७९० ला फिटली. फटके पडले ते सजा संपून दोन महिने झाल्यावर.

ही काही एकट्या हडसनवर आलेली आपत्ती नव्हे. कोणाची मुदत केव्हा संपते याचे कागदच ताफ्याबरोबर आले नव्हते. १७८९ साली काही कैदी आपली मुदत भरल्याचे सांगू लागले, तेव्हा विलायतेहून कागद येईपर्यंत काम करीत राहा, असे उत्तर त्यांना मिळाले. आणि समजा कागद आले, तरी परतीच्या प्रवासाची जबाबदारी सरकारची नव्हती. न्यायालय सात वर्षे म्हणाले, पण परत येण्याचे भाडे कोण देणार? मोठा पुरुष खलाशी म्हणून एखाद्या जहाजावर लागू शके. बारातेरा वर्षांच्या पोराने काय करावे? ज्याला आईबाप केव्हा मेले हेही ठाऊक नाही त्याने परत जावे तरी कोणाकडे? मुलाची सजा म्हणून जी लिहिली जाई ती सात वर्षे असे, आणि जी भोगावी लागे ती आयुष्यभर पुरे.

पुढे ऐंशी वर्षे, १८६८ पर्यंत, ऑस्ट्रेलियात एकंदर एक लाख साठ हजारांहून अधिक कैदी गेले. त्यांत मुले पुष्कळ. मुलांना मोठ्यांच्या टोळ्यांत ठेवल्याने ती बिघडतात आणि कामालाही नीट लागत नाहीत, असे अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले तेव्हा टास्मानियात पोर्ट आर्थरच्या समोर, खाडीपलीकडच्या एका उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या टोकावर १८३४ साली केवळ मुलांची वसाहत काढली. तिचे नाव पॉइंट प्यूअर. 'प्यूअर' हा लॅटिन शब्द, अर्थ मुलगा. पंधरा वर्षांत तेथे सुमारे तीन हजार मुले येऊन गेली. धाकटी नऊदहा वर्षांची. तेथे सुतारकाम, चांभारकाम, शिवणकाम, नावा बांधणे, दगड घडविणे हे शिकवीत. संध्याकाळी थोडी अक्षरओळख आणि प्रार्थना. चुकले तर उपास, एकांत कोठडी, फटके. पोर्ट आर्थरचे जे मोठे चर्च आज पडक्या स्थितीत उभे आहे त्याच्या घडाईच्या कामात या मुलांचे हात लागले आहेत.

धंदा शिकविणे वाईट नव्हे. आम्हीही शिकलेल्या हाताचे मोल जाणतो. परंतु शिकविणाराच कामाचा मालक, तोच तुरुंगाधिकारी आणि तोच फटके मारणारा असला म्हणजे त्या शिकण्याला काय म्हणावे? विलायत सरकारला याहून सफाईदार शब्द लवकरच सापडला. वाइट बेटावर १८३८ साली पार्कहर्स्ट येथे मुलांचा तुरुंग निघाला. तेथील मुलांना १८४२ पासून पश्चिम ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडात पाठवू लागले. पाठविताना त्यांना 'कैदी' म्हणेनात, 'उमेदवार' म्हणू लागले. सशर्त माफी द्यायची, एखाद्या मालकाच्या हाताखाली करारावर बांधून द्यायचे आणि मुदतीत मायदेशी परतायचे नाही अशी अट घालायची. न्यूझीलंडात असे १२३ आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात दोनशेहून अधिक मुलगे उतरविले. आमच्या कारखानदारांनी 'शिकाऊ' या एका शब्दाच्या आड वर्षानुवर्षे कायम कामगाराचे काम करून घेतलेले आम्ही पाहिले आहे, म्हणून या 'उमेदवार' शब्दापाशी आम्ही वाचता वाचता थांबलो.

आता आपल्याकडे येऊ. १८६० चा भारतीय दंडसंहितेचा कायदा इंग्रजांनी केला आणि त्यात फाशीच्या खालोखाल जी सजा ठेवली तिचे नाव हद्दपारी, म्हणजे आपले काळे पाणी. १ जानेवारी १९५६ पर्यंत हा शब्द कायद्यात होता. मग तेथे आजन्म कारावास आला. त्याच कायद्याच्या ब्याऐंशीव्या कलमात लिहिले आहे की सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा होत नाही. पुढच्या कलमात सात ते बारा वर्षांच्या मुलाविषयी असे की, आपण काय करतो हे समजण्याइतकी अक्कल त्याला आलेली नसेल तर तो गुन्हेगार नाही. आली असेल तर आहे.

सात आणि बारा हे दोन आकडे वाचले आणि आम्हांला ते पूर्वी कोठेतरी पाहिल्यासारखे वाटले. शोधले तेव्हा सापडले. हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यात सात वर्षांखालच्या मुलाला गिरणीत ठेवू नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे आहे. तेच सात, तेच बारा! ज्या वयाला पोर गिरणीत जाण्यालायक ठरे त्याच वयाला ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्यालायक ठरे. दोन्ही कायदे करणाऱ्यांनी एकमेकांना विचारून हे आकडे घातले असे आम्ही म्हणत नाही. पण कायद्याच्या डोळ्यांना सात वर्षांचे मूल मोठे दिसू लागे खरे. नारायण मेघाजी लोखंड्यांसारख्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून गाऱ्हाणी मांडली, चळवळ वाढत गेली, तेव्हा कुठे १८९१ साली गिरणीतले सातचे नऊ झाले आणि १९२२ साली बारा झाले. दंडसंहितेतले सात मात्र हलले नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या विसाव्या कलमात आजही सातच आहे. आता मुलांसाठी निराळा कायदा असल्याने त्याची धार गेली आहे, ही गोष्ट वेगळी.

अंदमानची वसाहत मार्च १८५८ मध्ये डॉक्टर वॉकर यांनी दोनशे कैद्यांनिशी सुरू केली. तेथील जिना कसा होता तो पाहा. पहिले सहा महिने एकांत कोठडी. मग दीड वर्ष सामायिक तुरुंगात सक्तमजुरी. मग तीन वर्षे बराकीत, दिवसा बाहेर काम, मोबदला शून्य. पुढे पाच वर्षे हलके काम आणि अगदी थोडा भत्ता. अशी दहा वर्षे भरली म्हणजे परवाना मिळे. मग जमीन कसायची, गुरे पाळायची, लग्न करायचे, पण बेट सोडायचे नाही. वीस-पंचवीस वर्षांनी वर्तणूक चांगली असल्यास सुटका. चाळिशीचा माणूस या जिन्यावर चढे तो मरणाशी जाऊन पोहोचे. अठरा वर्षांचा चढे तो आपली सगळी जवानी पायऱ्या मोजण्यात घालवी. बेटे आबाद व्हायला हवी होती, जंगल तुटायला हवे होते. त्यासाठी तरुण गडी अधिक उपयोगी, हे उघड आहे.

राजबंद्यांतही अशी कोवळी पोरे होती. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मध्ये ननीगोपाळ या बंगाली मुलाची हकीकत आहे. १९११ साली कलकत्त्यात एका अधिकाऱ्याच्या मोटारीवर बॉम्ब टाकल्याबद्दल त्याला चौदा वर्षांची सजा झाली, तेव्हा तो मिसरूड न फुटलेला पोर होता. अंदमानात त्याने काम नाकारले, गोणपाटाचे कपडे नाकारले आणि शेवटी अन्न नाकारले. त्याचा उपास महिनोन्महिने चालला. सभागृहात येथवर आलो तेव्हा श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. टाळ्या रास्तच होत्या. मात्र ननीगोपाळची हकीकत लिहून ठेवणारे सोबती त्याच्या शेजारच्या कोठड्यांत होते. भाकरी चोरून गेलेल्या पोरांच्या शेजारी लिहिणारे कोणी नव्हते.

साधा गुन्हा करणाऱ्या अगदी लहान मुलांना १८७६ च्या कायद्याने सुधारगृहात धाडण्याची सोय झाली. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची अशी संस्था त्याआधीच, १८५७ पासून होती. याच कायद्याची नवी आवृत्ती १८९७ साली निघाली : न्यायालयाने दोषी ठरविलेल्या पंधरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगाऐवजी सुधारगृहात ठेवावे. ठीक. परंतु त्याच १८९७ साली, त्याच सरकारने आणखी एक दुरुस्ती केली, ती १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याला. तिने अशी मुभा दिली की या जमातींची चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवता यावीत. पहिल्या कायद्यात निदान चोरी व्हावी लागे, खटला व्हावा लागे. दुसऱ्यात नुसते जन्मावे लागे.

१९११ साली हा कायदा मुंबई इलाख्यासह सगळ्या देशाला लागू झाला. मुलाच्या वयाची खालची मर्यादा चाराची सहा झाली, एवढीच काय ती सुधारणा. कैकाडी, पारधी, बेरड, भामटे, मांग-गारुडी अशा जमातींच्या पुरुषांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढली. मराठी भाषेनेही यात हात धुऊन घेतले. 'भामटा' हे एका जमातीचे नाव, ते आपण लुच्च्या माणसासाठी सर्रास वापरतो.

सोलापुरास आमचे जाणे होते ते गिरणी कामगारांतल्या जुन्या मंडळींच्या ओळखीमुळे. तेथे 'सेटलमेंट' हा शब्द इंग्रजी न येणाऱ्या म्हातारीच्याही तोंडी आहे. शहराच्या एका भागाचे नावच सेटलमेंट फ्री कॉलनी. पूर्वी येथे काटेरी तारेचे कुंपण होते. आत जमातींची कुटुंबे, दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर पास. स्टार्ट नावाचा आयसीएस अधिकारी या सगळ्या वसाहतींचा प्रमुख होता. तो प्रामाणिक माणूस होता, मुलांच्या शाळांविषयी त्याला कळकळ होती. (१९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीचा विचार करणारी जी स्टार्ट समिती बसली, जिच्यावर डॉक्टर आंबेडकर होते, तिचा अध्यक्ष हाच.) ओल्ड बेलीतला न्यायाधीशही दुष्ट नव्हता, हे आम्ही मघाशी सांगितले ते यासाठीच. पोराला त्याच्या माणसांतून काढल्याशिवाय ते सुधारणार नाही, असे दोघांनाही मनापासून वाटत होते.

आणि सोलापूर हे गिरण्यांचे गाव. पहिली गिरणी १८७७ ची. गिरण्यांना हात हवे होते, सेटलमेंटकडे हात होते. वसाहतीतली माणसे पाळीला गिरणीत जात आणि पाळी सुटली की कुंपणाआड हजेरीला येत. आम्ही तीस वर्षे संघटना बांधतो आहोत. आम्हांस विचाराल तर याहून सोयीचा कामगार मालकाला स्वप्नातही मिळणार नाही. गैरहजर राहिला तर केवळ पगार जात नाही, पोलीस येतो. तो संप करील कसा? काळे पाणी म्हणजे समुद्रच हवा असे नाही. सोलापुरात ते तारेचे होते, आणि आत जन्मलेल्या मुलाला तर पलीकडचा किनारा कधी दिसलेलाच नव्हता.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली काढून टाकला, सगळ्या देशात तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. म्हणून भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांत ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळतात. पंधरा ऑगस्टनंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी.

येथपर्यंत सारे परगावचे झाले. आता आपल्या गावचे. दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथांची यात्रा यांनी ओळखले जाणारे हे गाव. येथे परक्याला कोणी हाकलीत नाही, असा आपला लौकिक. १९९८ सालची गोष्ट, वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला त्याच वर्षीची. दिवाळीनंतरचा हंगाम. तालुक्यातल्या एका आवारात आम्ही हमालीला होतो, संघटनेचे काम नुकतेच सुरू केले होते. तेथे पारध्यांच्या बेड्यावरचे दहाअकरा वर्षांचे एक पोर चहाचे पेले पोहोचवीत असे. एके सकाळी काट्याजवळची वीस किलोची दोन लोखंडी वजने दिसेनात. कोणी कोणाला काही विचारलेसुद्धा नाही. सगळ्यांच्या माना एकदम त्या पोराकडे वळल्या. त्या पोराचे स्वतःचे वजन तेवढे असेल नसेल! दुपारी त्याला गाडीत घालून नेले. त्याची आई फाटकाशी आली आणि आमच्याकडेच पाहून म्हणाली, "भाऊ, माह्या पोरानं नाई घेतलं हो. तुमी त सांगा."

आम्ही सांगितले नाही. संघटना नवी होती, दराचा प्रश्न तोंडावर होता, मालक मंडळींना दुखवून चालणार नव्हते. आणि खरे सांगायचे तर, आमची मानही सगळ्यांबरोबर त्याच बाजूला वळली होती. चार दिवसांनी बारदान्याचा ढीग हलविला तेव्हा त्याखाली दोन्ही वजने निघाली. पोर सुटून आले ते आवारात परत आले नाही. आठवड्याभरात बेड्यावरचे त्यांचे पालही उठले. कोठे गेले, हे आम्ही उशिरा विचारले, तेव्हा सांगणारे कोणी उरले नव्हते. जॉन हडसनच्या काळ्या पायांच्या ठशांविषयी वाचताना आम्ही रात्री पुस्तक मिटून बसलो होतो ते या कारणाने. हडसनच्या बाबतीत निदान ठसे तरी होते.

व्याख्यान संपल्यावर एका निवृत्त गुरुजींनी विचारले, "हे सगळे ठीक. पण पोराने खरोखरच चोरी केली तर करायचे काय?" प्रश्न रोखठोक होता आणि वेळेअभावी आम्ही तेथे त्याचे अर्धेच उत्तर दिले. उरलेले येथे देतो, कारण ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

२०१५ चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, एका रात्रीसाठीसुद्धा. चोवीस तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. आईबापांना कळवावे लागते, आणि परिवीक्षा अधिकाऱ्यालाही. जामीन हा नियम आहे, तो नाकारायचा तर मंडळाने कारण लिहावे लागते. गुन्हा शाबीत झाला तरी विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने फार घोर गुन्हा केला असेल तर मात्र मोठ्यांच्या न्यायालयात खटला चालू शकतो. ही वाट २०१५ साली नव्याने उघडली, आणि ती उघडली हे आम्हांस पसंत नाही. एरवी, अपिलाची मुदत उलटली की त्या मुलाच्या गुन्ह्याची कागदपत्रे नष्ट करावयाची आहेत. हडसनचे कागद दोनशे चाळीस वर्षांनी आम्ही मंगरूळपिरात बसून वाचले. या मुलाचे कोणी वाचू नयेत अशी कायद्याची इच्छा आहे.

१९९८ साली १९८६ चा कायदा होता. त्यातही सोळा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत घालता येत नव्हते. हे आवारात आमच्यासकट कोणालाच ठाऊक नव्हते. मुलाला नेलेले कळले तर कोणीही, नातेवाईक नसला तरी, १०९८ या क्रमांकावर फुकट फोन करू शकतो. आमच्या युनियनच्या कचेरीत हमालीच्या दराच्या फळ्यावर सर्वांत वर हा आकडा खडूने लिहिलेला आहे. पावसाळ्यात ओल येऊन तो पुसतो, तेव्हा जो कोणी आधी कचेरी उघडील त्याने तो पुन्हा लिहावयाचा, असे ठरले आहे.